राखणीतला रंगारी

फार जुनी गोष्ट आहे, आणि खरं सांगायचं तर ती सांगायला मला आवडत नाही. पण ऐका.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावाची एक रीत होती. कुणावर आळ आला की त्याला चावडीवर आणायचं. आळ घेणाऱ्याने त्याच्या तोंडावर बोलायचं, मग त्यानेही आपली बाजू मांडायची. आणि निवाडा होईपर्यंत गावात एकही चूल पेटवायची नाही, अगदी पाटलाच्या घरीसुद्धा. पोटात कावळे ओरडायला लागले की कुणी उगाच चऱ्हाट वळत बसत नाही. त्यामुळे निवाडा दिवसाउजेडी होऊन जायचा.

एके वर्षी गावच्या तळ्यात कुणीतरी विष कालवलं. गुरं मेली, लेकरं गेली. घराघरांत आकांत झाला. अशा वेळी माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे मलाही मान्य आहे.

कुणीतरी म्हणालं, "तो हैबती रंगारी रोज तळ्यावर कापड धुतो की!"

दुसरं म्हणालं, "आणि तो आपल्या गावचा कुठाय? घाटाखालून आलेला."

झालं! हैबतीला धरून आणलं.

आता रीतीप्रमाणे चुली विझवायच्या. पण मानाजी पाटील म्हणाले, "हा काही साधासुधा आळ नाही. पुरावा गोळा करायला वेळ लागणार. तोवर गावाला उपाशी ठेवायचं का? आपण निवाडा करतच नाही असं समजा. याला नुसतं राखणीत ठेवू."

राखण म्हणजे काय, तर चावडीमागचं धान्याचं रिकामं पेव. जमिनीखालचा काळोखा खड्डा, वरून झाकण, झाकणाला कुलूप. राखणीसाठी चुली विझवायची रीत नव्हती. कशी असेल? राखण हा प्रकारच गावात नवा! लोकांना हायसं वाटलं. ते घरी जाऊन जेवले.

हैबतीची बायको भागू दर बाजाराच्या दिवशी भाकरी घेऊन चावडीवर यायची.

"पाटील, आमच्या माणसावर आळ घेतलाय कुणी?"

"चौकशी चालू आहे, बाई."

"मग निवाडा कधी?"

"धोका टळला की."

"आणि धोका टळला, हे ठरवणार कोण?"

पाटील चिडले. "तू आम्हाला शिकवू नकोस. तुझी भाकरी आत पोचते ना?"

"पोचते. पण पोरगी विचारते, बाप कधी येणार? तिला काय सांगू? शिक्षा द्या हवी तर, पण किती ते सांगा. मी दिवस तरी मोजीन."

पाटलांनी तिच्या हातातली भाकरी घेतली आणि तिला वाटेला लावलं.

अशी वर्षं गेली. आणि एका उन्हाळ्यात तळ्यात पुन्हा विष पडलं.

भागू धावत चावडीवर आली. "आता तरी बघा! विष पडलं तेव्हा आमचा माणूस तुमच्याच कुलपात होता. एक दिवस चुली विझवा. एकच दिवस! त्यांना वर काढा, त्यांचं ऐका."

पाटलांना तिचं म्हणणं मनातून पटलं होतं. त्यांचा हात किल्लीकडे गेलासुद्धा. तेवढ्यात गर्दीतून कुणी ओरडलं, "त्याचे साथीदार असतील बाहेर!"

दुसरा सावकाश म्हणाला, "नसतीलही. पण इतकी वर्षं आपण त्याला काळोखात ठेवलंय. तो आपल्यावर किती जळत असेल! सोडला तर आता खरंच विष घालेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकलंत? आधी संशय होता म्हणून कोंडला, आता कोंडला होता म्हणून संशय!

पाटलांनी किल्ली परत कनवटीला लावली. "राहू दे अजून थोडे दिवस," ते म्हणाले. त्या दिवसापासून आणखी माणसं पेवात गेली. एक वैदू, एक घिसाडी, आणि भागूची बाजू घेऊन बोललेली एक म्हातारी.

त्याच वर्षी हिवाळ्यात हैबती पेवातच मेला. भागू त्याला न्यायला आली.

"आता एवढंच सांगा, पाटील. ते गुन्हेगार होते की नव्हते?"

गुन्हेगार म्हणावं, तर तसं कधी सिद्ध केलं नव्हतं. निर्दोष म्हणावं, तर मग कोंडलं कशाला? पहिल्यांदा आळ घेतला कुणी, तेही कुणाला आठवेना.

"ते... ठरलं नाही," पाटील म्हणाले.

"चोराच्या बायकोला गाव निदान चोराची बायको म्हणतं," भागू म्हणाली. "मला काय म्हणाल?"

तिने नवऱ्याला माती दिली आणि पोरीला घेऊन ती घाट उतरून गेली.

आणि विष? ते तिसऱ्यांदाही पडलं. विष घालणारा पहिल्यापासून गावात मोकळा फिरत होता. त्याला कुणी शोधलंच नव्हतं. गुन्हेगार पेवात आहे म्हणून सगळे निर्धास्त होते ना! चावडीवर माना डोलावणाऱ्यांत तोही असेल, कुणी सांगावं? त्यानंतर विषातून वाचलेले गावकरी एकेक करून गाव सोडून गेले. तो कोण होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तात्पर्य सांगायलाच हवं, म्हणून सांगतो: भीती खरी असली, तरी माणसाचं न ऐकता त्याला कोंडून ठेवणं हा न्याय नव्हे, त्यात निरपराध जिवानिशी जातो आणि अपराधी मोकळाच राहतो.