ऑइल कुणी खाल्लं?

कोल्हापूरच्या रणधीर सरकारांची स्पोर्ट्स कार महिन्याला दोन लिटर ऑइल संपवायची आणि खाली मात्र थेंबही सांडायचा नाही. ते तणतणत गॅरेजात आले, तेव्हा दस्तगीर मेस्त्री भडंग खात बसले होते.

"सरकार, गाडी ऑइल खातेय," मेस्त्री म्हणाले.

"गाडी कसली खातेय? तूच खातोस," सरकार चारचौघांत गरजले.

मेस्त्रींनी शांतपणे त्यांचा पांढराशुभ्र रुमाल मागून घेतला. एक टोक सायलेन्सरच्या तोंडात फिरवलं, ते काळंकुट्ट, तेलकट निघालं. दुसऱ्या टोकानं स्वतःचं तोंड पुसलं, त्यावर तिखटाचा लाल डाग उमटला.

"बघा सरकार. गाडीनं ऑइल खाल्लंय आणि मी भडंग."

सरकारांना हसू आवरेना. "इंजिन खोल," ते म्हणाले, "आणि ते भडंग इकडे दे."