मरियेच्या झग्याची शिवण

१८ डिसेंबर १९६८. कोरडी थंडी, दव नाही, वारा पडलेला.

"...आणि पुरुषाचा संबंध न येता, फादर?"

वसईकडच्या एका जुन्या ख्रिस्ती देवळाच्या पायरीवर ब्रदर बस्त्याव पुन्हा तेच विचारत होता. म्हातारे फादर इनास गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

जानेवारीत बस्त्यावची गुरुदीक्षा होती, तो फादर होणार होता. पण प्रार्थनेत येशूबद्दलचे 'कुमारी मरियेपासून जन्मला' हे शब्द आले की त्याची जीभ अडे. खोटं बोलून वेदीपाशी उभं राहायचं नाही, हे त्याने ठरवलं होतं. उत्तर मिळालं नाही, तर संध्याकाळच्या एसटीने तो कायमचा घरी जाणार होता.

"देवाची कृपा," फादर म्हणाले.

"हे उत्तर टाळणं झालं, फादर."

"असेल."

त्या देवळात गरोदर मरियेची लाकडी मूर्ती होती. नाताळाआधीच्या आगमनकाळात दर रविवारी गावातल्या बाया तिच्या झग्याची शिवण उसवून पोटाशी थोडी सैल करीत. यंदा बस्त्यावने ते बंद पाडलं. लाकडाचं पोट वाढतं का, असं त्याने मिस्साची प्रार्थना संपल्यावर सगळ्यांदेखत विचारलं, मूर्तीच्या चॅपेलला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवली.

शिवण घालणारी इजाबेलमावशी एवढंच म्हणाली होती, "दिवस भरत आलेल्या बाईला घट्ट झगा घालून बघा ब्रदर, मग बोला." बाया हसल्या.

आज त्या गरोदर मरियेचा सण.

"चल, कुलूप काढ," फादर म्हणाले.

आत मेणाचा वास कोंडला होता. बस्त्यावने मेणबत्ती लावली. ज्योत जराही हलली नाही.

झगा मूर्तीच्या पोटावर ताणून बसला होता. एका बाजूची शिवण टाका टाका तुटत वरपर्यंत गेली होती.

"कोण आलं होतं आत?"

"किल्ली कुणाकडे होती?"

बस्त्यावचा हात गळ्याशी गेला.

उंदीर असेल, तो म्हणाला. फादरांनी ज्योत जवळ धरली. कापड कुठेही कुरतडलेलं नव्हतं. मग ओलीने लाकूड फुगलं असेल, तो म्हणाला, आणि थंडीने फुटलेल्या ओठांवरून त्याने जीभ फिरवली.

...

फादरांनी खिशातून सुईदोरा काढून त्याच्यापुढे धरला.

"सैल कर."

त्याने शिवणीत बोटं घातली आणि झटकन मागे घेतली. लाकूड कोमट होतं.

"फादर... हे कसं होईल?"

"मरियेनेही देवदूताला हेच विचारलं होतं."

...

बस्त्याव गुडघ्यावर बसला. तुटलेले टाके त्याने एकेक करून काढले, आत दुमडलेलं कापड सोडलं आणि शिवायला घेतलं. नाक्यावर एसटीचा हॉर्न वाजला. गाडी निघून गेली. त्याने मान वर केली नाही.

फादर इनास त्याच्या कानाशी वाकले.

"हळू शिव," ते कुजबुजले, "झोपलाय तो."