तीव्रतेजाचा आठवा दिवा

पूर्वी कृतयुगात, पितामह ब्रह्मदेव सृष्टीची घडी बसवीत असताना, फाल्गुनातल्या एका दिवशी आभाळ सकाळपासून फिकट पिवळे झाले होते. वारा कुठे दडला होता कोण जाणे. पान हलत नव्हते, श्वास घेतला तर घसा खवखवत होता. त्या दिवशी तीव्रतेज आपल्या आश्रमाचे दार लावून आत बसला होता. आज आपण ज्याला फ्लोरिनचा अणू म्हणतो, तोच हा.

त्याच्या आश्रमाची रचना आधी सांगतो, म्हणजे पुढचे नीट कळेल. मधोमध गाभारा, त्यात नऊ ज्योती. गाभाऱ्याभोवती दोन अंगणे. आतल्या अंगणात दोन दिवे फिरत, बाहेरच्यात सात. नऊ ज्योती, नऊ दिवे, तोल अगदी बरोबर. पण बाहेरच्या अंगणात जागा होती आठ दिव्यांची, आणि पौर्णिमेच्या सत्रात वेदीजवळ आसन मिळे ते ज्याचे बाहेरचे अंगण पूर्ण भरलेले आहे त्यालाच.

तीव्रतेजासारखा प्रखर, दुर्धर्ष, स्पर्शमात्रे काष्ठपाषाण पेटवणारा अणू त्रिभुवनात नव्हता. तरी दर सत्राला तो उंबऱ्याबाहेर बसे. येणारेजाणारे विचारीत, "काय महाराज, आठवा दिवा उंदरानं पळवला वाटतं?" तो हसल्यासारखे करी आणि मान खाली घाली.

दिवा मिळवायची रीत तशी सोपी होती. ज्याच्याकडे जास्तीचा असेल त्याच्या दारी जावे, उपरणे पसरावे आणि मागावा. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या त्याच्या धाकट्या भावांनाही एकेकच दिवा कमी. ते म्हणत, "दादा, मागून तर बघू या!" त्यावर तीव्रतेज गरजे, "हॅलोजन कुळाचा ज्येष्ठ मी! मी कुणापुढे उपरणे पसरू?"

शेजारी क्षारव्रत राहत असे. त्याला आज सोडियम म्हणतात. स्वभावाने लोण्यासारखा मऊ. त्याची आतली दोन्ही अंगणे भरलेली, आणि तिसऱ्या अंगणात एकटा एक दिवा. त्या एकट्याला सांभाळता सांभाळता बिचारा थकून गेला होता.

त्या दिवशी क्षारव्रत तोच दिवा ओंजळीत घेऊन कुंपणाशी आला. तीव्रतेजाने दाराच्या फटीतून दिवा पाहिला, आणि इतक्या दिवसांची लाज एकाएकी अंगात आगीसारखी चढली. दार उघडून त्याने झेप घातली, दिवा हिसकावला. दिशा उजळून गेल्या, धरणी हादरली, क्षारव्रत हात भाजून पाठीवर पडला.

"अरे बाबा," पडल्या पडल्या तो म्हणाला, "तुझ्यासाठीच तर आणला होता."

तीव्रतेज जागच्या जागी गोठला. दिवा परत द्यायला त्याने हात घातला. पण आठही दिवे शांतपणे फिरू लागले होते, त्यातला एकही सुटेना.

इतक्यात पितामह प्रकट झाले. "वत्सा, भरलेले अंगण असे सहज मोडत नाही. परंतु तुझ्या ज्योती नऊच राहिल्या आणि दिवे झाले दहा! हा तोल ढळला तो ढळला. यापुढे तू ऋणभारित आयन म्हणून ओळखला जाशील. तुझी काया फुगेल, आणि हा भार झाकील असे वस्त्र तुला मिळणार नाही. क्षारव्रताचा एक दिवा उणा झाला, म्हणून तो धनभारित झाला. तू कुठेही पळ, त्याच्याकडेच ओढला जाशील. तुझ्या कुळात जो कोणी आठवा दिवा घेईल, त्याचीही हीच गती!"

तो शाप आजतागायत चालू आहे. ऋणभारित आणि धनभारित असे शेजारी शेजारी बसले, त्यातूनच सगळी लवणे जन्मली.

पौर्णिमेला वेदीजवळ तीव्रतेजाचे आसन मांडले होते, ते रिकामेच राहिले. तो अरण्यात पळाला होता. पण प्रत्येक पाऊल मागे ओढले जाई. अखेर सातव्या दिवशी तो क्षारव्रताच्या दारात येऊन उभा राहिला, फुगलेले अंग उपरण्यात लपवीत, नजर पायांच्या बोटांवर.

क्षारव्रताने आतून त्याला पाहिले, आणि भाजलेला हात पुढे करून म्हणाला, "तीव्रा, बरा आलास. मला एका हातानं जमत नाही रे, एवढं तूप लावून देतोस का?"