वाटेवरची बोरं

डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका वृद्ध वैद्यांकडे एकदा एक स्थूल व्यापारी आला. चार महिने एकवेळ जेवून त्याने वजन पुष्कळ उतरवले होते. आता मात्र ताटावरून उठताच त्याचा हात पुन्हा डब्यांकडे जाई.

वैद्यांच्या शिष्याला राहवले नाही. नवी विद्या माणसाला जरा उतावीळच करते. "शेटजी, ही भूक नव्हे, जिभेचे लाड आहेत. निग्रह हवा!"

"मग औषध तरी कशाला?" व्यापारी खालमानेने म्हणाला. वैद्यांनी दिलेली औषधाची पुडी तिथेच ठेवून तो निघून गेला.

वैद्य शिष्याला एवढेच म्हणाले, "उद्यापासून दोन दिवस फक्त पाणी."

शिक्षा समजून शिष्याने ते मुकाट्याने पाळले. रोज पहाटे झऱ्यापर्यंत जायचे आणि वाटेत दिसलेल्या वनस्पती परतल्यावर सांगायच्या, हा त्याचा नेम होता. वैद्य त्यांची नावे वहीत उतरवून घेत. तिसऱ्या सकाळी तो सांगू लागला, "बोरं पिकलीत. एका घरी भाकरी भाजत होते. मेंढपाळाच्या फडक्यात कांदा होता..."

वैद्यांनी वही उघडली. "चार दिवसांपूर्वी याच वाटेवर तुला गुळवेल, अडुळसा, शतावरी दिसली होती. बोरं तेव्हाही पिकलेलीच होती. आज तुझे डोळे कोणी वळवले?"

शिष्याने वाकून वहीतली नावे वाचली.

"अरे, मेंदूच्या तळाशी बदामाएवढी जागा आहे. तिथे प्रथिनांचे इवलेसे तुकडे निरोप पोहोचवतात. शरीरातला साठा घटला की भुकेचे निरोप वाढतात, तृप्तीचे मंदावतात. मग डोळे, नाक, पाय सारे अन्नाच्या शोधात निघतात. दुष्काळात आपल्या पूर्वजांना या निरोपांनीच तगवलं. केवढी ही राखण! शेटजींच्या देहाला वाटतंय, दुष्काळ पडलाय. आणि तू राखणदारालाच चोर ठरवलंस."

"मग निग्रह व्यर्थच का, गुरुजी?"

"व्यर्थ नाही. पण एकट्या निग्रहावर किती भार टाकायचा? देहाला धास्ती न देता, सावकाश जाऊ." वैद्यांनी पेजेची वाटी पुढे सरकवली.

"आधी शेटजींकडे जाऊन येतो."

"आधी पेज पी. उपाशीपोटी तू तिथे त्यांच्या डब्यांकडेच बघत बसशील!"

दुपारी शिष्य पुडी घेऊन व्यापाऱ्याच्या दारी उभा राहिला.

"पुन्हा निग्रह शिकवायला आलात?"

"नाही, शेटजी. दोन दिवस उपाशी होतो. आज डोंगरावर मला एकही औषधी दिसली नाही. नुसती बोरं दिसली. माझं चुकलं."

व्यापाऱ्याने पुडीसाठी हात पुढे केला.