छातीतले साहेब

“फ्लेक्सवर माझा चेहरा साहेबांपेक्षा मोठा पाहिजे! पण साहेबांना आपण लहान दिसतोय, असं वाटता कामा नये!”

नगराध्यक्ष जालिंदरतात्यांनी फर्मान सोडलं आणि केशर कासारच्या हातातला माऊस जागीच थांबला. धोंडेगावातले सगळे फ्लेक्स केशरच करायची. सावळ्याला गोरं करणं, सभेला आलेली मूठभर माणसं पुन्हा पुन्हा चिकटवून मैदान भरणं, हे तर तिच्या हातचा मळ! पण हे?

“तात्या, एक तर मोठा, नाहीतर लहान. दोन्ही कसं जमंल?”

“ते तुझं तू बघ! उद्या साहेब येतायत. त्यांचं तोंड वाकडं झालं, तर हा पालिकेचा गाळा रिकामा करायचा!”

गाळा गेला तर खायचं काय? केशरला संताप आला. तिनं साहेबांना वर ढगांत बसवलं. तात्या किंचाळले, “अगं, श्रद्धांजली आहे का ही? ढगांत गेलेली माणसं असतात!” दोघांना शेजारी शेजारी ठेवलं, तर तात्या म्हणाले, “जुळे भाऊ आहोत काय आम्ही?”

केशर स्क्रीनकडे बघत बसली आणि एकदम खुदकन हसली. “तात्या, तुम्ही निवांत जा. फक्त तालमीतल्या एखाद्या पैलवानाचा उघड्या अंगाचा फोटो धाडा.”

दुसऱ्या दिवशी चौकात साहेबांच्या हस्ते पडदा सरला. वीस फुटी पैलवान! त्याच्या धडावर तात्यांचं गोरंपान डोकं, दोन्ही हातांनी छाती फाडलेली, आणि आत हसरे साहेब, एवढेसे!

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. “जालिंदर, तू एवढा आणि मी एवढासा?”

“हि... हिनं केलंय!” तात्यांनी केशरला पुढं ढकललं.

केशरनं हात जोडले. “साहेब, तुमचं तोंड वाकडं झालं, तर तात्या माझा पालिकेचा गाळा काढून घेणार हायत. पण छाती फाडणारा मारुती चित्रात केवढा असतो आणि राम केवढा? म्हणून रामाला लहान म्हणायची कुणाची छाती हाय?”

साहेबांची आठी गेली. राम व्हायला कुणाची ना असते! ते फ्लेक्स पुन्हा निरखू लागले. “मग मारुतीचं शेपूट कुठं गेलं गं?”

“मुद्दाम गाळलं, साहेब! निवडणूक तोंडावर आलीय. शेपूट लावलं असतं, तर लंका कुणाची जळंल, याची हमी मी कशी देऊ?”

साहेब पोट धरून हसले. साहेब हसतायत म्हटल्यावर तात्यांनाही हसावंच लागलं.

“जालिंदर,” डोळे पुसत साहेब म्हणाले, “तो गाळा या पोरीच्या नावावर करून दे. आजच! आणि पोरी, माझे सगळे फ्लेक्स आता तुझ्याकडं. पण मला मात्र शेपूट लावायचं नाही हं!”