चार बोटं लांब नळ

डोंगरावर वसलेल्या एका गावात नळ जोडणारा एक कारागीर राहत होता. हाताने तरबेज, पण जीभ हाताच्याही पुढे. "माझं माप कधी चुकत नाही," असं दिवसातून एकदा म्हटल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे.

गावच्या बायका दरीतून डोक्यावर पाणी आणत. म्हणून वरच्या झऱ्याचं पाणी तांब्याच्या नळाने चौकातल्या टाक्यात आणायचं ठरलं. वाटेत खडकापाशी नळ काटकोनात वळायचा होता. त्या वळणासाठी गावच्या ओतारणीने पितळेचं कोपर ओतून दिलं.

कारागिराने वळणापासून टाक्यापर्यंतचं अंतर मोजलं. यातली चार बोटं जागा कोपरच खातं, तेवढी वजा करून नळ कापायचा, हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. पण नेमके तेव्हाच पाटील त्याची तारीफ करत होते. ती ऐकण्याच्या नादात वजाबाकी राहून गेली.

जोडताना नळ चार बोटं लांब निघाला. पुन्हा कापला असता तर काही बिघडत नव्हतं. पण सारं गाव बघायला जमलेलं. त्यांच्यासमोर चूक कशी कबूल करायची? त्याने पहार लावून नळ रेटून बसवला. पाणी सोडलं आणि ताणाने कोपर तडकलं. सगळं पाणी दरीत वाहून गेलं.

"ओतकाम कच्चं आहे," कारागीर म्हणाला.

गावाने ते खरं मानलं. ओतारणीकडे कुणी काम देईना. लग्नाची भांडीसुद्धा लोक लांबच्या बाजारातून आणू लागले. तिची थंड भट्टी दिसली की कारागीर मान फिरवून झपाझप पुढे जाई. स्वतःचीच त्याला लाज वाटे, पण बोलायचा धीर होत नव्हता.

एके सकाळी ओतारीणच त्याच्या दारात आली. हातात नवं, जाडजूड कोपर होतं.

"दादा, माझंच काही चुकलं असेल. घरातला हंडा वितळवून हे ओतलंय. बायाबापड्यांना पाणी तेवढं मिळू द्या."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं कारागिराला झालं. तो तिला घेऊन चौकात गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिचं कोपर चोख होतं. नळ मी लांब कापला, आणि खोटंही मीच बोललो."

मग त्याने नळ चार बोटं कापला, नवं कोपर बसवलं. पाणी आलं. लोक हंडे घेऊन धावले. कारागीर ओतारणीपुढे हात जोडून उभा राहिला.

"ताई, मला माफ कर."

"पाणी आलं, चांगलं झालं," ती म्हणाली. "पण दादा, माझी भट्टी विझलेली तुम्ही रोज बघत होतात ना?"

पाणी भरून सगळे घरी गेले, तरी तो खाली मान घालून तिथेच उभा होता.

तात्पर्य काय, तर मापातली चूक कापून सुधारता येते. दुसऱ्याच्या माथी मारलेली चूक मात्र कबूल केल्यावरही सलत राहते.