कुंभारओढा आणि पावसातली बैठक

दोन डोंगरांच्या चिंचोळ्या पट्टीत सावरखिंड शहर पडवळासारखे लांबच लांब वाढले आहे. रुंदीला जागाच नाही. तरीही भर वस्तीत कुंभारओढ्याचे कोरडे पात्र मोकळे पडलेले दिसते. आणि इथे कुणी जागा विकली, की पहिल्या पावसात विकणाऱ्याने दिवसभर त्या जागेवर बसायचे, अशी रीत आहे. पाहुणे कारण विचारतात, तेव्हा जुनी माणसे रायाजी नाइकाचे नाव घेतात.

खिंडीतली पहिली वस्ती रायाजीने वसवली, असे सांगतात. बाजार भरू लागला, माणसे येत राहिली, सपाट जमीन संपली. उरले ते ओढ्याचे पात्र. लहानपणी रायाजीने तिथे बैल वाहून जाताना पाहिला होता. पण त्यानंतर पाणी आले नव्हते, आणि दारात आलेल्याला परत पाठवणे नाइकाला कमीपणाचे वाटे.

सुभाना कुंभार बायको आणि मुलीला घेऊन आला. त्याने चिमूटभर माती बोटांत चुरली.

"गाळाची दिसते, नाईक. पाणी येतं का इथं?"

"कुंभाराला पाण्याचं भय कधीपासून?"

"भाजल्या मडक्याला नाही. कच्च्याला आहे." सुभाना हसला.

रायाजीही हसला. "बांध घर. काही येत नाही."

काही वर्षांनी दोन्ही डोंगरांचे पाणी एकदम उतरले. सुभाना मडकी विकायला बाजारात गेला होता, म्हणून वाचला. मायलेकी सापडल्या नाहीत.

लोक म्हणाले, दैवाची करणी. रायाजीने नुसती मान हलवली असती, तरी ते तसेच राहिले असते. पण सुभाना समोर येऊन उभा राहिला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

रायाजीची नजर वर होईना. "होतं."

"मग आता तुम्ही राहा इथं."

रायाजीने त्याच गाळात खोपटे घातले. पाणी यावे आणि त्याने आपल्याला न्यावे, एवढेच तो मागत असे म्हणे. त्याच्या हयातीत ओढा पुन्हा भरलाच नाही. पात्रात मग कुणी घर बांधले नाही.

आता इमारती डोंगर कापत दोन्ही उतारांवर चढल्या आहेत. आजही विकणारे पहिल्या पावसात प्लास्टिकच्या खुर्चीत छत्री धरून बसतात, चहा मागवतात, फोटो काढून घेतात. पण वर गडगडले, की कप खाली ठेवून डोंगराकडे पाहतात. घेणारा मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत असतो.